पाटी कुणाशी बोलते?

(औद्योगिक वसाहतीतील स्त्री कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला एका लहानशा गोष्टीवर बोलायचे आहे. यंत्रावर चिकटवलेल्या धोक्याच्या पाटीवर. पिवळा त्रिकोण, त्याला काळी कड, आत एक पाते आणि त्याखाली बोटे तुटलेला हात. पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनवर, पॉवर प्रेसवर, पुठ्ठ्याच्या कारखान्यात कागद कापायच्या मशीनवर, प्लॅस्टिकचे तुकडे करणाऱ्या ग्राइंडरवर, कुठे ना कुठे ती तुम्ही पाहिली असेल. रोज पाहिल्यामुळेच ती हळूहळू दिसेनाशी होते. तिच्यावर तेल उडते, चिंध्यांनी पुसून पुसून चित्र उडते, मशीनला नवा रंग देताना तीही रंगून जाते.

तुम्ही म्हणाल, आमचे पगाराचे प्रश्न आहेत, कंत्राटाचे आहेत, संडासाचे आहेत. स्टिकरवर काय बोलायचे? बोलायचे ते अशासाठी, की हात मशीनमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो, ‘पाटी लावलेली होती ना?’ आणि दुसरा, ‘मग हात घातलाच कसा?’ या दोन प्रश्नांनंतर कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द उमटतात. बोटे जातात बाईची आणि दोषही लागतो बाईलाच. बाईवर अत्याचार झाला की ती त्या वेळी तिथे गेलीच कशाला असे विचारणारा समाज आपल्याला नवा नाही. कारखान्यातही तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो.

म्हणून ही पाटी नेमकी कुणाशी बोलते, ते पाहू या.

पाटीची भाषा

यंत्रावरच्या इशाऱ्यांचे एक शास्त्र आहे. इंग्रजीत लिहिलेले डेंजर, वॉर्निंग आणि कॉशन हे तीन शब्द आपल्याला सारखेच वाटतात. पण त्यांचे अर्थ ठरलेले आहेत. डेंजर म्हणजे हे टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग म्हणजे तशी इजा होऊ शकते. कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. चांगल्या पाटीने तीन गोष्टी सांगायच्या असतात. धोका कशाचा आहे, हात घातला तर काय होईल, आणि ते टाळायला काय करायचे. आपल्याकडे मराठी पाटी असलीच तर तिन्ही शब्दांना मिळून एकच शब्द लिहिलेला असतो, ‘सावधान’. कशापासून सावधान, ते ज्याचे त्याने ओळखायचे.

बहुतेक वेळा मराठी पाटी नसतेच. मशीन ज्या देशातून आले त्या देशाची भाषा घेऊन येते. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १०८ होते. कायद्याखालच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, दाराजवळ ठळक जागी लावाव्यात, असे ते सांगत होते. म्हणजे सूचनाफलक दाराशी आपल्या भाषेत, आणि जिथे हात जातो तिथे, पात्याशेजारी, परकी भाषा. आज शेडमध्ये एका बाकावर मराठवाड्यातली, बिहारमधली आणि ओडिशातली बाई शेजारी शेजारी बसते. तिथे एकच मराठी पाटी लावूनही भागत नाही. चित्र तर हवेच. पण चित्रही शिकवावे लागते. तो त्रिकोण म्हणजे काय हे नेमणुकीच्या दिवशी कुणी सांगितले होते का, हे प्रत्येकीने आठवून पाहावे.

पाटी ही शेवटची पायरी

आता मुख्य मुद्दा. समजा, पाटी उत्तम आहे, आपल्या भाषेत आहे, स्वच्छ आहे. तेवढ्याने बोटे वाचतील का?

घरात रांगते मूल असले तर आपण विळीवर पाटी लावत नाही. विळी मिटतो आणि फळीवर ठेवतो. जे आपल्या आईला आणि आजीला कळत होते, तेच यंत्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात लिहिले आहे. आयएसओ १२१०० हे ते मानक. त्यात तीन पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. पहिली, यंत्राची रचनाच अशी करा की धोका उरू नये. दुसरी, जो धोका उरेल त्याला गार्ड घाला, संरक्षक साधने लावा. तिसरी, एवढे करूनही जे उरेल त्याची माहिती द्या. पाटी या तिसऱ्या पायरीवर येते. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उभे राहण्याची सोय मालकाला त्यात नाही. स्टिकर सर्वांत स्वस्त असते, म्हणून मात्र ते सर्वांत आधी लागते.

पॉवर प्रेसचे उदाहरण घ्या. खाली डाय, वर पंच, मध्ये आपण पत्र्याचा तुकडा ठेवायचा आणि पायाने पेडल दाबायचे. हात आत असताना पाय पडला की संपले. यावर उपाय आहेत आणि ते नवे नाहीत. डायभोवती पिंजऱ्यासारखा गार्ड लावता येतो. पेडलऐवजी दोन बटणे लावता येतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय पंच खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहतात. प्रकाशाचा पडदा धरणारे सेन्सर लावता येतात. योग्य प्रेसवर हात आत आला की यंत्र थांबते. तुकडा बोटांऐवजी चिमट्याने ठेवता-काढता येतो.

मग प्रत्यक्षात काय होते? गार्डमुळे तासाचे पीस कमी निघतात म्हणून तो काढून भिंतीला टेकवलेला असतो. दोनपैकी एक बटण काहीतरी खोचून कायमचे दाबून ठेवलेले असते. सेन्सर बिघडलेला असतो, आणि मेंटेनन्सचा माणूस उद्या येणार असतो. आणि मशीनवर पाटी असते, ‘गार्डशिवाय मशीन चालवू नये’. ही पाटी वाचणाऱ्या बाईच्या हातात गार्ड बसवायचा अधिकार आहे का? ‘गार्ड नाही, मी चालवणार नाही’ असे म्हटले तर तिला उद्या ठेकेदार कामावर घेईल का? पाटी जे करू नको म्हणते, तेच सुपरवायझर करायला सांगतो. अशा वेळी पाटी मालकाशी बोलायला हवी होती; ती बोलते आपल्याशी.

कागदावर हेल्पर

यात बाईचा प्रश्न आणखी एका ठिकाणी अडकलेला आहे. १९४८ च्या कायद्याचे कलम २२ चालू यंत्राजवळच्या कामाबद्दल होते. चालू यंत्र तपासायचे किंवा त्याला तेल द्यायचे काम प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुषाने करावे, त्याच्या अंगात मालकाने दिलेले घट्ट कपडे असावेत आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे, असे त्यात होते. स्त्रियांना चालू यंत्राची सफाई, तेलपाणी करायला मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता. पण परिणाम पाहा. प्रशिक्षण, कपडे आणि नोंद हे सारे पुरुषाच्या वाट्याला गेले. बाई कागदावर हेल्पर राहिली आणि माणूस कमी पडला की प्रत्यक्षात मशीनवर बसत राहिली. पदर, ओढणी, वेणी, बांगड्या यांवर तिला बोलणी बसली, पण कामाचे कपडे मिळाले नाहीत.

तो कायदा आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. स्त्रियांना सर्व प्रकारची कामे खुली आहेत, असे ती म्हणते. आपण त्याचे स्वागत करू. काम नाकारून केलेले संरक्षण आपल्याला कधीच नको होते. पण यंत्र झाकल्याशिवाय दार उघडले तर आत धोकाच वाट पाहत असतो. शिवाय विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी जुन्या कायद्यात १० कामगारांची अट होती, ती आता २० वर गेली आहे. आपल्यातल्या कितीजणी त्याहून लहान शेडमध्ये काम करतात, हे हात वर करून मोजले तरी कळेल.

बोटाची किंमत

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. हात चिरडण्याच्या, बोटे तुटण्याच्या अपघातांत पॉवर प्रेसचा वाटा मोठा आहे, आणि अनेकांचे ईएसआयचे कार्ड अपघात झाल्यावर काढले जाते, हे त्यांतून पुढे आले. म्हणजे पाटी आधी लागते, कार्ड मागून येते.

नुकसानभरपाईसाठी बोटांची एक यादी आहे. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात ती होती. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे मानायचे. संपूर्ण तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२, करंगळी किंवा अनामिका ७. एका हाताची चारही बोटे ५० टक्के. ही यादी पगाराच्या कामाचा हिशेब करते. पण त्याच हाताने भाकरी थापायची असते, धुणे पिळायचे असते, लेकीची वेणी घालायची असते, तान्ह्याला धरून आंघोळ घालायची असते. या कामांना यादीत टक्का नाही, कारण घरकामाला कमाई म्हणायची रीतच नाही. अपघातानंतर बाई घरी बसते तेव्हा तिचे दुसरे काम सुटत नाही. ते उरलेल्या बोटांनी करावे लागते, नाहीतर थोरल्या मुलीची शाळा बंद होते.

ही लढाई आपण सुरू केलेली नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सरकारला निवेदन दिले. रविवारची सुटी ही त्यातली मागणी आपल्याला ठाऊक असते. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय करा, हीही मागणी त्यातच होती. कायदा यायला १९२३ उजाडले. लोखंड्यांच्याच पुढाकाराने १८९० साली झालेल्या कामगारांच्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली होती. तेव्हा बाईने बोलणे ही गोष्ट केवढी मोठी होती याची कल्पना करा.

आपण काय मागायचे

पाटी फाडून टाका असे मी म्हणत नाही. पाटी हवी. पात्याजवळ हवी, चित्रासह आणि आपल्या भाषांत हवी, पुसली की बदलायला हवी. ती तयार करताना त्या मशीनवर बसणारीला विचारायला हवे, कारण हात नेमका कुठे जातो हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. पण पाटीच्या आधी गार्ड हवा. अडकलेला तुकडा काढण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायची सोय हवी. आणि जी मशीन चालवते तिच्या नेमणूकपत्रावर तसे लिहिलेले हवे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे नव्या संहितेने मालकावर बंधनकारक केले आहे. सुरक्षेची माहिती मागण्याचा, आणि जिवावरचा धोका दिसला तर तो मालकाच्या व निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्कही तिने दिला आहे.

एकटीने मागितले तर उद्या काम जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून एकटीने मागू नका. उद्या कामावर गेलात की आपापल्या मशीनकडे नीट पाहा. पाटी आहे का, कुठल्या भाषेत आहे, गार्ड जागेवर आहे का, दोन्ही बटणे चालतात का, बंद करायचे बटण हाताशी आहे का. पाच प्रश्नांची पाच उत्तरे. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला कागद आणायचा. सगळ्यांचे कागद एकत्र लावून एकच अर्ज करू, आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे असतील.