सव्वा महिन्याची राखण

(मंडळाच्या कडोदरा येथील सभेत केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही, पुढारीही नाही. बी.कॉम. झालेला, बँकेत काउंटरवर बसणारा कारकून आहे. तेव्हा आजच्या विषयावर मी बोलावं की नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. पण एक गोष्ट मनात डाचते आहे, ती आपल्या माणसांपुढे सांगावी म्हणून उभा राहिलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या काउंटरवर एक मुलगी आली. वीस-एकवीस वर्षांची, नंदुरबारकडची, नवरा इथल्या मिलमध्ये. पदराखाली तान्हं मूल. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे खात्यात आले नव्हते. मी कागद पाहिले. आधारवर नाव आपल्या पद्धतीनं, म्हणजे आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. ममता कार्डावर गुजराती पद्धतीनं आडनाव आधी, आणि तेही चुकीचं लिहिलेलं. मी म्हटलं, दुरुस्त करून आणा. आठवड्यानं ती पुन्हा आली, तेव्हा दुसरा एक कागद कमी होता. मी पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा कागद बरोबर होते, पण पदर रिकामा होता.

ते पैसे वेळेवर मिळाले असते तर बाळ जगलं असतं, असं मी म्हणत नाही. ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या खेपेला ते मूल रडत नव्हतं, हलत नव्हतं, हे मी पाहिलं होतं. मागे रांग होती. "बाळ कसं शे, माय?" एवढं आपल्या अहिराणीत विचारायला मला किती वेळ लागला असता? मी नावाचं स्पेलिंग तपासलं, मूल पाहिलं नाही.

त्यानंतर मी या विषयाचं वाचायला लागलो. आकडे माझ्या सवयीचे, म्हणून आधी आकडेच सांगतो. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांमागे १२९ मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२३ साली हा आकडा २५ वर आला. ही प्रगती लहान नाही. पण राज्याराज्यांत फरक पाहा. २०२० सालचे सरकारी आकडे असे: केरळ ६, महाराष्ट्र १६, गुजरात २३, देश २८. कारखाने, रस्ते, उद्योग यांत आपलं गुजरात पुढे आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण केरळशी तुलना केली की मान खाली जाते.

दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा. त्या वर्षी देशातल्या २८ मृत्यूंपैकी २० पहिल्या २८ दिवसांतले होते. म्हणजे वर्षभराच्या धोक्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग पहिल्या महिन्यातच येतो. आपल्या आजी-पणजींना हे आकडे माहीत नव्हते, पण धोका माहीत होता. म्हणूनच पाचवीला रात्र जागवायची, सटवाईला पुजायचं, बाळंतिणीला सव्वा महिना जपायचं. देव त्यांनी मानला, पण राखणही केली.

ती राखण शास्त्रानं कशी करावी, हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्यानं गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तिथं खेड्यात ना डॉक्टर, ना रस्ता. त्यांनी १९९५ पासून ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायांना तयार केलं. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. ही बाई बाळंतिणीच्या घरी वारंवार जायची. बाळाचं वजन करायची, ताप बघायची, श्वास मोजायची, ऊब द्यायला शिकवायची, आणि जंतुसंसर्ग झालाच तर घरी इंजेक्शनही द्यायची. तिसऱ्या वर्षी, तुलनेला घेतलेल्या गावांच्या हिशेबानं, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानं हे छापलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ मध्ये भारत सरकारनं देशभर आशा बहिणींकडे हे काम दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी यायचं. बेचाळीस दिवस म्हणजे जवळजवळ आपला सव्वा महिनाच.

मग अडतं कुठं? अडतं आपल्या चाळीत.

मंडळी, आपण इथं दोन-तीन पिढ्यांपासून आहोत. आपले आजोबा ताप्ती लाइनच्या गाडीनं आले, लूमवर उभे राहिले. आज आपली घरं आहेत, खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांत कालपरवा आलेले खानदेशातले, ओडिशातले, उत्तर प्रदेशातले लोक भाड्यानं राहतात. त्यांची लेक-सून सातव्या महिन्यात माहेरी जाते, बाळ घेऊन परत येते. तिकडच्या यादीतून नाव गळतं, इकडच्या यादीत चढत नाही. घरात सासू नाही, नवरा बारा तासांच्या पाळीत. मग आशाला त्या खोलीचा पत्ता देणार कोण? भाडं आपण दर महिन्याला घेतो, पत्ता आपल्यालाच ठाऊक असतो.

म्हणून दोन मागण्या आणि एक विनंती.

निवडणूक आली की सगळे पक्ष आपल्या मंडळाकडे येतात. त्यांच्याकडे आपण हॉल मागतो, कमान मागतो. या वेळी दोन गोष्टी मागू या. एक, मिल आणि जीआयडीसीच्या आजूबाजूच्या प्रत्येक चाळीला नेमून दिलेली आशा बहीण असावी, आणि बाहेरगावच्या बाळंतिणीचं नाव ती राहते तिथं नोंदलं जावं. दोन, ममता दिवसाला मराठी आणि हिंदी जाणणारी एक तरी कार्यकर्ती असावी. कोणाचा झेंडा कुठला, ते नंतर पाहू.

विनंती आपल्या वहिनी-मावशींना. आपल्या खोल्यांत बाळंतीण आली की त्याच दिवशी आशाला फोन करा. बाळाला जन्मानंतर तासाभरात आईचं दूध, पहिला चीकसुद्धा. मध नको, गुळाचं पाणी नको, आपली घुटी नको आणि इथली गळथूथीही नको. सहा महिने फक्त आईचं दूध. अंघोळीची घाई नको. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, मलूल पडलं, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा शांत असतानाही मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास मोजले, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं तो हक्क दिला आहे, उपकार नव्हेत.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. तान्हं मूल घेऊन बाई काउंटरवर आली की आधी बाळाकडे पाहायचं, कागद मग. रांगेतले लोक कुरकुर करतात, करू देत.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय जय गरवी गुजरात!