डोळ्यांपुढे चिलटं तरंगतात तेव्हा

रोवणीत दिवसभर वाकून काम केल्यावर मान वर करून आभाळाकडे पाहिलं, की कधी कधी काळे ठिपके, धागे, चिलटं तरंगताना दिसतात. हातानं हाकलली तरी जात नाहीत, नजर फिरेल तिकडे सरकतात. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा कोणी अशक्तपणा म्हणालं, कोणी उष्णता, तर कोणी मोतीबिंदू. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

आपल्या डोळ्यात काचेसारखा स्वच्छ, दाट द्रव असतो. त्यात फार बारीक तंतू असतात. वय वाढलं की द्रव पातळ होतो आणि तंतू एकमेकांना चिकटतात. त्यांची सावली डोळ्यामागच्या पडद्यावर पडते. ही सावलीच आपल्याला चिलटासारखी दिसते. म्हणून उजेडात ती जास्त जाणवते. मोतीबिंदू वेगळा. त्यात डोळ्याचं भिंग गढूळ होतं आणि सगळंच धुरकट दिसतं.

पन्नाशीनंतर हे बऱ्याच जणींना होतं. लांबचं न दिसण्याचा मोठा नंबर असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर लवकरही होतं. जुनी, थोडीशी चिलटं बहुधा निरुपद्रवी असतात. हळूहळू सवय होते. मधे आलंच, तर नजर वर-खाली फिरवावी, ते बाजूला सरकतं. मध, कांद्याचा रस, झाडपाला डोळ्यात घालू नका. त्यानं चिलटं जात नाहीत, डोळा मात्र खराब होतो.

पण तीन खुणा पक्क्या ध्यानात ठेवा. एकाएकी खूप ठिपके दिसू लागले, विजेसारखे लखलखाट दिसले, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. धान चुरताना डोळ्याला मार लागल्यावर असं झालं तरीही तसंच. डोळ्यामागचा पडदा फाटलेला असू शकतो. नुसता फाटला असेल, तर लेझरनं सांधता येतो. सुटला, तर ऑपरेशन लागतं आणि उशीर झाला, तर नजर जाऊ शकते. यात डोळा दुखत नाही, इथंच आपण फसतो. "दुखत नाही, रोवणी आटोपली की जाऊ," असं म्हणू नका.

साखरेचा आजार असलेल्या बहिणींनी चिलटं दिसोत न दिसोत, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. त्यांच्या डोळ्यात आत रक्त उतरूनही ठिपके दिसतात.

गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डोळ्यांचा विभाग आहे. तपासणीसाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात. मग काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबतीला कोणी न्या, स्वतः गाडी चालवू नका. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडून येणाऱ्या बाईला भाडं आणि बुडणारी मजुरी दोन्ही जड जातात. म्हणून आम्ही गटात ठरवलं आहे: अशा वेळी अंतर्गत कर्ज त्याच दिवशी द्यायचं, बैठकीची वाट पाहायची नाही, आणि एकीनं सोबत जायचं. तुमच्याही गटात हा ठराव घ्या.