स्लाय स्टोनच्या बँडकडून मी काय शिकलो



मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, भाषणं करत नाही. पण 'संगीतातून काय शिकलास ते सांग' म्हणालात, म्हणून एका माणसाबद्दल बोलतो. स्लाय स्टोन.

खरं नाव सिल्व्हेस्टर स्टुअर्ट. जन्म 1943, टेक्सास. वाढला कॅलिफोर्नियात. घर धार्मिक, भावंडं चर्चमध्ये गायची. लहान वयातच त्यांची रेकॉर्ड निघाली. पुढे हा सॅन फ्रान्सिस्कोत रेडिओवर निवेदक झाला आणि 1966-67 च्या सुमारास त्यानं 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' हा बँड उभा केला.

त्या काळी अमेरिकेत काळे आणि गोरे एका बँडमध्ये दिसणं दुर्मीळ होतं. याच्या बँडमध्ये ड्रमर आणि सॅक्सोफोनवाला गोरे, बाकीचे काळे. ट्रम्पेट वाजवणारी सिंथिया रॉबिन्सन ही बाई. बहीण रोझ कीबोर्डवर, भाऊ फ्रेडी गिटारवर. बेसवर लॅरी ग्रॅहम. आईबरोबर वाजवताना ड्रमर नव्हता, म्हणून तो अंगठ्यानं तारेवर ठोका मारून ताल धरायचा. तोच ठोका पुढे फंकची ओळख झाला.

आणि स्लायचा थाट! झालरीचे कपडे, गळ्यात साखळ्या, मोठाले चष्मे. पण थाटामागे विचार होता. 1968 च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, शहरं पेटली. आणि 1969 च्या फेब्रुवारीत याचं 'एव्हरीडे पीपल' पहिल्या क्रमांकावर होतं. आपण सगळे साधी माणसं आहोत, एवढंच ते गाणं सांगतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला पहाटे साडेतीनच्या सुमारास हा बँड मंचावर आला आणि दमलेली गर्दी उठून नाचू लागली.

मग दबाव आला. काळ्यांच्या चळवळीतल्या काही जहाल लोकांचं म्हणणं होतं, गोऱ्यांना काढ. स्लायनं त्यांच्या सांगण्यावरून कुणाला काढलं नाही.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागते. कॉलेजात आमचा पाच जणांचा ग्रुप होता. ढोलकीवाला आमच्या मोहल्ल्यातला नव्हता, आमच्या धर्माचाही नव्हता. बाहेर तणाव वाढला तेव्हा दोन्हीकडचे लोक बोलू लागले. अम्मी म्हणाली, "बेटा, ढोलकी त्याचीच चांगली वाजते ना?" मी ऐकलं नाही. 'थोडे दिवस येऊ नकोस' असं त्याला सांगितलं. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

स्लायला मी पीर मानत नाही. बाहेरच्या दबावापुढे तो टिकला, पण नशेपुढे हरला. कोकेनपायी तो कार्यक्रमांना उशिरा येई, कधी येतच नसे. 1971 मध्ये ड्रमर ग्रेग एरिको गेला, पाठोपाठ ग्रॅहमही गेला. त्या वर्षीच्या उदास अल्बममध्ये बऱ्याच ठिकाणी माणसाच्या जागी ताल देणारं यंत्र वाजतं. मी ड्रमर आहे, मला ते ऐकताना रिकामी खुर्ची दिसते. 1974 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या भर मंचावर त्यानं लग्न केलं. ते फार टिकलं नाही, बँडही मोडला.

पुढची कित्येक वर्षं अंधारात गेली. 2011 मध्ये तो व्हॅनमध्ये राहत असल्याच्या बातम्या आल्या. डॉक्टरांनी बजावल्यावर त्यानं म्हातारपणी नशा सोडली, 2023 मध्ये आत्मचरित्र आलं. 2025 च्या जूनमध्ये, 82 व्या वर्षी, तो गेला.

तो गेल्याची बातमी वाचली त्या रात्री मी आमच्या ढोलकीवाल्याला फोन केला. त्यानं विचारलं, "काय रे, आज कशी आठवण झाली?" मी माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बघू."

दोस्तांनो, तुमच्या टीममधून, ग्रुपमधून एखाद्याला वगळा असं कुणी सांगेल, तेव्हा लगेच हो म्हणू नका. नंतर फोन करणं फार जड जातं.