गोधडी शिवायला बसताना
(साक्षरता वर्गात केलेलं भाषण)



धान कापून झालं. मळणी झाली. तणसाचे ढीग लागले. आता रात्री अंग काकडू लागलं आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्याची थंडी साधी नाही. डिसेंबर-जानेवारीत विदर्भात कुठं जास्त गारठा पडला ते वर्तमानपत्रात छापून येतं. तेव्हा गोंदियाचं नाव पुष्कळदा वरच असतं. म्हणून आज धड्याचं पुस्तक बाजूला ठेवू आणि गोधडीचं बोलू.

कोणी गोधडी म्हणतं, कोणी वाकळ म्हणतं, कोणी कथरी म्हणतं. वस्तू एकच. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवायचे आणि धावदोरा घालून शिवायचे. बस, एवढंच. पण एवढ्यात पुष्कळ आहे.

गोधडीत ऊब कुठून येते? कापड काही स्वतः गरम नसतं. दोन थरांच्या मध्ये हवा अडकते. ती हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. टाके नसले तर थर सरकतात, एका जागी गोळा होतात, आणि मग तिथून थंडी शिरते. म्हणून टाका जवळ जवळ हवा. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवावं.

आता थोडं गणित. नऊवारी लुगडं म्हणजे ९ वार. त्याचे ४ सारखे तुकडे केले तर एक तुकडा किती? सव्वादोन वार. एका वाराचे ३६ इंच. म्हणजे ८१ इंच, पावणेसात फूट. एका माणसाच्या पांघरुणाला ही लांबी पुरते. एका लुगड्यात एका माणसाचे चार थर निघाले. हे गणित आपल्या आज्यांना पाटीवर येत नव्हतं. पण लुगडं चौघडीत दुमडलं की हाताला बरोबर येत होतं.

आता आमची चूक सांगतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही वर्ग चालवणाऱ्या बायांनी ठरवलं की गोधडी नीटनेटकी करायची. आम्ही जाड कागदाचा ६ इंचांचा चौकोन कापून आणला. म्हटलं, याच्या मापानं सगळे तुकडे कापा. एक लाल, एक पांढरा, एक लाल, एक पांढरा. पुस्तकात दिसतं तसं.

दोन दुपारी त्यात गेल्या. काय झालं? लुगडं सगळीकडं सारखं झिजत नाही. गुडघ्यावर विरतं, बसण्याच्या जागी विरतं, काठाशी मजबूत राहतं. चांगला भाग कुठं लांब पट्टी असतो, कुठं तिरका तुकडा असतो. त्यातून चौकोन काढायचे म्हणजे निम्मं कापड वाया. चौकोन जोडले तर तेही एकमेकांना जुळेनात. लाल संपला आणि पांढरा उरला. खाली चिंध्यांचा ढीग पडला. आम्हांला लाज वाटली.

दाराशी एक आजी तेंदूपत्त्याच्या विड्या वळत बसल्या होत्या. त्यांना वर्गात यायचं नव्हतं. डोळ्यांना दिसत नाही म्हणायच्या. विडीचा धागा मात्र अंधारातही बांधायच्या! त्या म्हणाल्या, "काहून कापता जी इतकं? कापड होतं तेवढं तर मोठं होतं. तुम्ही बारीक केलं आणि आता मोठं करत बसल्या."

आम्ही म्हटलं, "मग आजी, तुम्हीच दाखवा."

आजी उठल्या. ढिगातला सर्वांत मोठा तुकडा घेतला, हिरव्या लुगड्याचा. तो मधोमध अंथरला. एका बाजूनं वाकडा होता, तसाच राहू दिला. त्याच्या वाकड्या बाजूला निळ्या सदऱ्याची बाही ठेवली. ती पुरली नाही, म्हणून पुढं पोलक्याची पट्टी लावली. भोक होतं तिथं ठिगळ आलं. ठिगळ लाल आलं, कारण हाताशी लाल होतं. मग त्या मागं सरून पाहू लागल्या आणि म्हणाल्या, "इकडं फार अंधार झाला." लगेच पांढरा तुकडा त्या बाजूला गेला. सदऱ्याचा खिसासुद्धा त्यांनी उसवला नाही. नातवाला चिंचोके ठेवायला होईल म्हणे.

आधी काही नकाशा नव्हता. एक तुकडा ठेवायचा, तो पाहायचा, मग त्याला शेजारी कोण शोभतो ते शोधायचं. चौकोन कापून सारखे करणं ही एक रीत आहे, वाईट नाही. नवं कापड भरपूर असेल तर खुशाल करावी. पण जुन्या कापडाची रीत आजींची.

ही रीत फक्त आपल्याच गावची आहे असं नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बाया कवंदी नावाची गोधडी शिवतात. कडेपासून सुरू करतात आणि तुकडा जोडत जोडत मध्यापर्यंत येतात. शेवटचा तुकडा बंद करताना आत तांदळाचे दाणे घालतात. गोधडीचं पोट भरलेलं असावं म्हणून. आपण धान पिकवणारी माणसं, आपल्याला हे लवकर कळेल.

दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बाया शेतात राबून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. त्यांचे पूर्वज गुलाम होते. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी गोधड्या विकण्यासाठी सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन शहराच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगल्या. २००६ साली त्यांची चित्रं अमेरिकेच्या टपालाच्या तिकिटांवर आली. गुडघ्यावर झिजलेल्या विजारी, पण तुकडा कुठं ठेवायचा ते त्यांना कळत होतं.

आपल्या विदर्भातले गाडगेबाबा तर अंगावरच चिंध्या जोडलेलं वस्त्र घालत. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, चिंधेबुवा म्हणत. चिंधीला कमी समजू नये.

कामाच्या दोन गोष्टी सांगून टाकतो. आजकाल नायलॉनची, पॉलिस्टरची लुगडी फार. ती गोधडीत घालू नका. घाम टिपत नाहीत, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. सुती तेवढं घ्या. नवं सुती कापड असेल तर आधी धुवा. नाही तर मागाहून ते आटतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. गडद लाल कापड वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

आणि थर अंथरले की आधी मधून कडेकडे मोठे टाके घालून टाचून घ्या. मग चौघी चार बाजूंना बसा. प्रत्येकीचा टाका वेगळा येतो. कोणाचा बारीक, कोणाचा लांब. आमच्यातली एक जण रात्री दुसरीचे लांब टाके गुपचूप उसवून पुन्हा घालायची. ते कळलं तेव्हा दोन दिवस बोलणं बंद होतं. तसं करू नका. लांब टाक्यानंही गोधडी टिकते.

आता ज्या गोष्टीसाठी आज बोलायला उभ्या राहिलो ती सांगतो. आमची आई गेल्या उन्हाळ्यात वारली. आम्ही दोन जावा आणि एक नणंद. सासूबाईंना आम्ही तिघी आईच म्हणायचो. त्यांच्या पेटीत ५ लुगडी निघाली. चार सुती, वापरून मऊ झालेली. पाचवं कोशाचं, करवतकाठी. तुम्ही पाहिलं असेल, काठाला करवतीसारखे दाते असतात. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगावकडं कोष्टी ते विणतात. लग्नात त्यांनी ते नेसलं होतं. घडीवर चिरलं होतं, नेसण्याजोगं राहिलं नव्हतं.

नणंद म्हणाली, "माझ्या आईचं आहे, मला द्या." मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "शेवटची दोन वर्षं अंथरुणात मी केलं, ते माझं." दोघींचं खरं होतं. तेराव्याच्या दिवशी ते बोलणं झालं आणि नणंद जेवण न करता गाडीला गेली.

पाच महिने पेटी तशीच राहिली. दिवाळीला नणंद आली. आजींनाच आम्ही बोलावलं. त्यांनी पाचही लुगडी ओसरीवर अंथरली आणि बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन गोधड्या करा. प्रत्येकीत सगळ्या लुगड्यांचं थोडं थोडं. करवतीचा काठ मी कापते, तुमच्या हातून व्हायचं नाही."

कात्री चालली तेव्हा नणंदेनं तोंड फिरवलं. काठाचे तीन भाग सारखे झाले नाहीत. सर्वांत लांब भाग आजींनी मोठ्या जाऊबाईंच्या पुढ्यात ठेवला. तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. थोड्या वेळानं तो तुकडा त्यांनी नणंदेकडं सरकवला आणि तिचा आखूड आपल्याकडं घेतला. कोणी काही बोललं नाही.

पहिली गोधडी नणंद घेऊन गेली. दुसरी जाऊबाई पांघरतात. तिसरी आमची. तिचा मधला भाग अजून शिवायचा आहे. दोरा संपला, येत्या बाजारी आणू. मंगळवारी दुपारी आमच्या ओसरीवर ती अंथरणार आहोत. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी यावं. आपली सुई आपण आणावी, जाड बघून.