रविवार कोणाचा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा हिशेब खजिनदारांनी मांडलाच आहे. सिंकिंग फंड, लिफ्टची दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं अहवालात आलंय. मला कमिटीने सांगितलं, "तुम्ही रोजच्या जगण्यावर काहीतरी हलकंफुलकं बोला." म्हणून मी विषय घेतला, रविवार. पंचवीस वर्षांचे साधारण तेराशे रविवार होतात. त्यांचा हिशेब मात्र कुठल्याच अहवालात नाही.

आपल्या इमारतीत रविवार नुसत्या कानांनी ओळखता येतो. कुकरच्या शिट्ट्या उशिरा सुरू होतात, पण एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. कुठे पोह्यांची फोडणी, कुठे वाटणासाठी लावलेला मिक्सर. खाली कोणी बादली घेऊन गाडी धुतंय, कोणी शेजाऱ्याकडून पेपरची पुरवणी मागून नेतंय. मुलांचं क्रिकेट, आणि "बॉल गॅलरीत आला तर परत मिळणार नाही" ही दर रविवारची ताकीद. बारा वाजता जिनाभर रश्श्याचा वास. जेवण झालं की पंख्याखाली आडवं होणं. साधंच सुख आहे, पण आठवडाभर लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारा माणूस त्याच्याच भरवशावर शनिवारपर्यंत पोचतो.

हे सुख आपोआप आलेलं नाही, बरं का. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण उशिरा उठून दुसरा चहा मागतो ना, त्यामागे एवढं सगळं आहे.

मला त्या दोघींबद्दल नेहमी कुतूहल वाटतं. गिरणीचा भोंगा रविवारी बंद झाला असेल, पण त्यांच्या घरची चूल बंद झाली असेल का?

आपल्या घरांतही बघा. रविवार म्हणजे सगळे घरी, म्हणजे सगळ्यांचा नाश्ता, सगळ्यांच्या आवडीचं जेवण, चादरींची धुणी, फ्रिजची साफसफाई आणि आठवड्याची भाजी निवडणं. ज्या बाईला सोमवार ते शनिवार ऑफिस आहे, तिची सुट्टीच्या दिवशी नुसती ड्यूटी बदलते. पहिला चहा तीच करते आणि स्वतःचा कप ओट्यावर तसाच ठेवून पोह्यांकडे वळते. तो गार झालेला चहा आपल्यापैकी कितीजणी पितात, हात वर करायला सांगत नाही. कारण हात मोजता मोजता जेवणाची वेळ होईल!

हे फक्त आपल्याच इमारतीत आहे असंही नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. म्हणजे एकीकडे जवळजवळ पाच तास, आणि दुसरीकडे दीड तासही नाही.

आमचे भावोजी लोक लगेच म्हणतील, "आम्ही मदत करतो की!" करता, नाकारत नाही. पण मदत आपण दुसऱ्याच्या कामात करतो. घर दोघांचं, तर काम एकीचं आणि मदत दुसऱ्याची, हे कसं काय? सोसायटीचा मेंटेनन्स भरताना कोणी म्हणतं का, "मी सोसायटीला मदत केली"? आपला वाटा आहे म्हणूनच भरतो ना!

आणखी एक. घरकामाला येणाऱ्या ताईंनी एक दिवस सुट्टी घेतली की आपण बायकाच म्हणतो, "आज दांडी मारली." आपण ऑफिसला गेलो नाही तर ती मात्र रजा! शब्दातच सगळं आलं. चार घरांची भांडी घासून ती स्वतःच्या घरी जाते, तेव्हा तिथलीही भांडी तिची वाट बघत असतात. तिच्या वाट्याला रविवार कधी येतो, हे आपण विचारलंय का? आणि आपल्या गेटवरच्या वॉचमनच्या वाट्याला?

हलकंफुलकं बोलायला सांगितलं होतं, थोडं जड झालं. पण पंचवीस वर्षं एकमेकांच्या घरात वाटी-वाटी साखर गेलीय, त्या हक्काने बोलते. माझ्या तीन सूचना आहेत. कमिटीने इतिवृत्तात घ्याव्यात.

पहिली, आपली वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी दहाला असते. नेमक्या त्या वेळी बायका स्वयंपाकघरात अडकलेल्या असतात, आणि मग "महिलांची उपस्थिती कमी" अशी नोंद होते. सभा संध्याकाळी पाचला ठेवा, आणि मग उपस्थिती बघा.

दुसरी, सफाईवाल्यांना, वॉचमनना आणि घरकामाच्या ताईंना आठवड्याची एक सुट्टी, पगार न कापता. बदली माणसाचा खर्च मेंटेनन्समध्ये थोडा वाढेल, तो आपण वाटून घेऊ.

तिसरी सूचना कमिटीच्या हातात नाही, प्रत्येक घराच्या हातात आहे. महिन्यातला एक तरी रविवार असा ठेवा, की त्या दिवशी स्वयंपाकघर बाकीच्यांनी सांभाळायचं. मीठ कमी पडेल, पोहे गिचका होतील, ओटा दोनदा पुसावा लागेल. चालेल. आणि वहिनी, त्या दिवशी आत डोकावून "असं नाही, तसं करा" म्हणायचं नाही. गॅलरीत बसायचं, पुरवणी वाचायची आणि चहा गरम असतानाच प्यायचा.

आजचा स्वयंपाक केटररकडे आहे. तेव्हा पहिल्या पंगतीला घरकामाच्या ताई, सफाईवाले, वॉचमन आणि आपण सगळ्या बायका बसू. वाढायला कमिटी आहेच!

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.