कर्ज फेडायचे, पण हिशेब मांडून



आपल्या वर्गणीतून पाड्यांवर औषधे जातात, मुलांची फी भरली जाते. अधूनमधून एखादी मंडळी विचारते, "अमुक कुटुंब सावकाराच्या कर्जात बुडाले आहे. आम्ही पैसे जमवून ते फेडून टाकू का?" या प्रेमाबद्दल मी आभारी आहे. पण माझे उत्तर असते: पैसे देण्याआधी त्या कुटुंबाला वकील मिळवून द्या.

का, ते हिशेबानेच सांगते. समजा, दवाखान्यासाठी 10,000 रुपये घेतले, व्याज महिना शेकडा पाच. म्हणजे दरमहा 500. दोन वर्षांत 12,000 रुपये व्याजात गेले आणि मुद्दल जागच्या जागी. शिवाय कोऱ्या कागदावर अंगठा दिलेला. आपण 10,000 नेऊन दिले, तर सावकार ते आनंदाने घेईल, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच अटींवर त्याच घरी पुन्हा कर्ज देईल.

वकील आधी कागद मागतो. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे सावकाराकडे परवाना हवा. नसेल, तर न्यायालय त्याला वसुलीचा हुकूमनामा देत नाही. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कोरी जागा सोडलेल्या कागदावर सही-अंगठा घेणे हा गुन्हा आहे. सावकाराने कर्जापोटी जमीन बळकावली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. हे जाणणारा माणूस शेजारी बसला की बोलणीच बदलतात.

मायक्रोफायनान्सचे कर्ज वेगळे. ते कायदेशीर असते आणि फेडायचेच असते. पण रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. धमकी आणि अपशब्द तर नाहीतच. वकिलाच्या पत्राने लहान हप्ता आणि वाढीव मुदत मागता येते.

तडजोड झाली की ती कागदावर घ्यावी. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी आणि शेवटी येणे बाकी नसल्याचा दाखला. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. म्हणून हप्ता मजुरीत बसतो का, हे सही करण्याआधीच पाहावे.

वकिलाची फी कोण देणार? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा.

काही जण विचारतात, "ताई, तुम्ही लोकांना कर्ज बुडवायला शिकवता का?" नाही. घेतलेले मुद्दल देणे हा प्रामाणिकपणा आहे. पण अन्यायाचे व्याज मुकाट्याने भरत राहणे हा काही सद्गुण नव्हे. नहेम्याचा पाचवा अध्याय घरी वाचा. लोकांची शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले होते, मुले दास्यात चालली होती. नहेम्याने त्यांच्यासाठी झोळी फिरवली नाही. त्याने धनकोंना सभेत बोलावले, शेते आणि व्याज परत करण्याचे वचन घेतले आणि याजकांसमोर शपथ घालायला लावली. ती तडजोडच होती, पण साक्षीदारांसमोर झालेली.

आता आपले काम. मंडळीत जे वकील आहेत त्यांनी महिन्यातला एक दिवस द्यावा. बाकीच्यांनी त्या कुटुंबाबरोबर तालुक्याला जावे. एसटीचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी आपल्या निधीतून द्यावी. कचेरीच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसावे. धमकीला घाबरलेल्या माणसाला कायदा माहीत असून भागत नाही. त्याला सोबत लागते.