खाण कोणाची आणि अधिकार कोणाचा?



सायबेरियातील कुझबास या कोळसापट्ट्यात तोम आणि उसा या दोन नद्यांच्या संगमाशी मेझ्दुरेचेन्स्क हे शहर आहे. ओल्झेरास या खाणकामगारांच्या वस्तीतून ते वाढले आणि १९५५ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. खाणी सरकारच्या, म्हणजे कागदोपत्री कामगारांच्याच होत्या.

तरीही जुलै १९८९ मध्ये तेथील शेव्याकोव खाणीत कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या मागण्यांत साबणही होता! कोळशाने माखून वर येणाऱ्या माणसाला साबण मागावा लागतो, याहून त्या नियोजनावर बोचरी टीका ती कोणती? संप कुझबासभर, पुढे दोनबास व व्होर्कुतापर्यंत पसरला. ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत कायद्याला संपाचा हक्क मान्य करावा लागला.

१९९१ मध्ये सोव्हिएत राज्य संपले. पुढे खाणी खासगी भांडवलाकडे गेल्या. म्हणून कामगार सुरक्षित झाला काय? मे २०१० मध्ये याच शहरातील रास्पाद्स्काया खाणीत स्फोट होऊन ९१ माणसे प्राणांस मुकली. वेतन उत्पादनाशी जखडलेले असले, की वायूचा धोका दिसत असूनही काम थांबवणे कामगाराला परवडत नाही. संतप्त लोकांनी रेल्वेमार्ग रोखला, तेव्हा त्यांच्यावर पोलीस धाडण्यात आले.

मालक बदलला, जोखीम कामगाराच्याच माथी राहिली. म्हणून मालकी कोणाची, एवढे विचारून समाजवाद्याला थांबता येणार नाही. धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हेही त्याने तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे.